वेशीची किल्ली

१

पेटी बंद होती. तिचं छोटं कुलूप जागच्या जागी होतं, काचेवर ओरखडा नव्हता, आणि आत लाल मखमलीवर किल्लीच्या आकाराचा खळगा तेवढा उरला होता.

हे सगळ्यात आधी मयूराला दिसलं. चांगल्या घरची सून असल्यामुळे ती ओरडली नाही. तिने नवऱ्याला, अजितला, बाजूला घेऊन हळूच सांगितलं, आणि मग अजितच ओरडला. मेलबर्नमधल्या ग्लेन वेव्हर्लीच्या त्या कम्युनिटी हॉलमध्ये निम्मं महाराष्ट्र मंडळ चिवड्याच्या प्लेटा घेऊन उभं होतं. सगळे वळले, आणि सुचित्राने आधी निनादकडे पाहिलं. कारण त्या पेटीची चावी तिच्या धाकट्या भावाच्या, निनादच्या गळ्यात होती.

गेलेली वस्तू म्हणजे वीतभर लांबीची जुनी लोखंडी किल्ली. खानदेशातल्या एका तटबंदीच्या शहराची वेस एके काळी तिने उघडायची. अजितचे पूर्वज तिथले किल्लेदार. अजितचे वडील, चंद्रहासआजोबा, पुण्याहून मेलबर्नला कायमचे आले तेव्हा ती किल्ली धोतराच्या घडीत गुंडाळून घेऊन आले, आणि त्यांच्या घरी चहाला गेलेला माणूस तिची गोष्ट ऐकल्यावाचून सुटत नसे.

गोष्ट अशी. सूर्य मावळला की वेस बंद व्हायची आणि ही किल्ली किल्लेदाराच्या उशाखाली जायची. एके दिवशी शत्रू व्यापाऱ्यांच्या वेषात आला आणि धान्याचे बैल घेऊन वेशीबाहेर उतरला. रात्री पहारेकरी फितला, दार उघडलं, आणि उजाडेपर्यंत शहर पडलं होतं. किल्लेदार आपल्या पाखऱ्या नावाच्या घोड्यावरून शर्थीने लढला. फितूर पहारेकऱ्याचं डोकं उडवलं गेलं. किल्लेदाराचा पराक्रम पाहून खुद्द शत्रूने त्याला दोन गावं जहागीर दिली. इथे आजोबा थांबून चष्मा पुसत आणि ऐकणाऱ्याने ‘वा’ म्हणायचं असे. सगळे म्हणत. फुकटचा चहा प्यायल्यावर तेवढं म्हणावं लागतं.

यंदा मंडळाचा दिवाळीचा किल्ला निनादने केला होता. त्याने राजगड, प्रतापगड सोडून फ्रान्समधलं आमियाँ नावाचं शहर उभं केलं, आणि त्यावरून मंडळात रामायण झालं. अध्यक्ष यतिन म्हणाला, “दिवाळीत फ्रेंचांचं गाव? आपल्याकडे काय किल्ल्यांचा दुष्काळ पडलाय?” शेवटी शेजारी एक टेकडी करून तिच्यावर महाराजांना बसवायचं ठरलं, जणू ते परक्या मुलखाची पाहणी करायला आले आहेत. महाराज आहेत म्हटल्यावर चपला बाहेर काढणं आलंच.

निनादचं म्हणणं होतं की आजोबांच्या गोष्टीला तिथे सख्खी बहीण आहे. सोळाशे सालाच्या थोडं आधी स्पॅनिश शिपाई शेतकरी बनून आमियाँच्या वेशीत शिरले. त्यांनी अक्रोडांचं पोतं मुद्दाम सांडलं. पहारेकरी अक्रोड वेचायला वाकले, तेवढ्यात एक गाडी दाराखाली आणून उभी केली, म्हणजे वरचं जाळीचं दार खाली पडायलाच नको. एवढं मोठं तटबंदीचं शहर सुक्या मेव्यात गेलं. म्हणून आजोबांची किल्लीही काचेच्या पेटीत घालून त्याच टेबलाच्या टोकाला मांडली होती, आणि पेटीची चावी निनादकडे सोपवली होती.

शनिवारी दुपारी मंडळातल्या पोरांनी हाच प्रसंग करून दाखवला. डोक्याला मुंडाशी बांधून ती आली आणि डँडेनॉन्गच्या बाजारातून आणलेलं अक्रोडांचं पोतं खरोखरच हॉलभर सांडलं. आधी हशा पिकला. मग सगळा हॉल खाली वाकला. खाण्याची वस्तू पायाखाली येऊ नये हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. प्रेक्षक, अध्यक्ष, निनाद, सगळे गुडघ्यांवर येऊन अक्रोड वेचत होते. सगळे उठून उभे राहिले, तेव्हा किल्ली गेलेली होती.

पर्सेस उघडून झाल्या, खिसे झटकून झाले, गाड्यांच्या डिक्क्याही पाहून झाल्या. किल्ली नाही. आजोबा किल्ल्याच्या टेबलामागे, भिंतीला लावलेल्या खुर्चीत बसून होते. त्यांचे गुडघे कामातून गेलेले. मयूराने त्यांच्या हातात चिवड्याची प्लेट दिली, तर त्यांनी चमचा मागून घेतला. हातांना कंप सुटला होता.

“बाबा, तुम्ही शांत राहा,” अजित म्हणाला. मग तो निनादकडे वळला. “चावी एकच, ती तुझ्याकडे. कुलूप फुटलेलं नाही. मी काय समजायचं, तूच सांग.”

“अजितदादा, मी ती गळ्यातून काढलेलीच नाहीये.”

“तेच तर म्हणतोय मी.”

अजितने आवाज खाली आणला, आणि त्याचीच सुचित्राला जास्त भीती वाटली. “उद्या दुपारी प्रोग्राम आहे. तोपर्यंत किल्ली इथे आली तर नो वरीज, मी कुणाला काही विचारणार नाही. नाही आली, तर मी पोलिसात जाणार. चावी कुणाकडे होती असं ते विचारतीलच.”

२

निनादचा पीआरचा, म्हणजे कायमच्या रहिवासाचा, अर्ज गेलं वर्षभर लटकला होता. रोज उठून तो आधी ईमेल बघायचा आणि मग दात घासायचा. पोलिसात नाव गेलं तर कायद्याने काय होतं हे सुचित्राला नीट ठाऊक नव्हतं. पण कायदा नंतर येतो, भीती आधी येते. संध्याकाळी तिच्या स्वयंपाकघरात बसलेल्या भावाची पाचावर धारण बसली होती.

“ताई, व्हिसा गेला तर?”

“कुणी घेत नाहीये तुझा व्हिसा. चहा पी.”

हे ती ठामपणे म्हणाली, पण चहात साखर घालायची विसरली. त्यालाही ते कळलं नाही.

सुचित्रा विमा कंपनीत क्लेम्स बघायची. घरफोड्या, पाण्याचे नळ, वाहून गेलेले गराज. दिवसभर फोनवर लोकांचं खरंखोटं ऐकून तिचे कान तयार झाले होते, असा तिचा समज होता.

“पहिल्यापासून सांग,” ती म्हणाली. “वाकला नाही असं कोण होतं?”

“सगळे वाकले गं. मी माइक खाली ठेवून वाकलो. यतिन वाकला, त्याची तर पँट फाटली. अजितदादा, मयूरावहिनी पोरांबरोबर पार दाराशी होते. ते आजोबा तेवढे बसून होते, पण त्यांना वाकताच येत नाही.”

“तुझ्यावर कुणाचा राग?”

“यतिनचा. त्याला त्याचा राजगड हवा होता. आणि मयूरावहिनीला ती किल्ली घरात नकोच आहे. मागच्या रविवारी मी त्यांच्या घरी रिहर्सलला गेलो, तेव्हा मला म्हणाली, हे गंजकं धूड कुणीतरी घेऊन जा रे बाबा.”

“आणि आजोबा?”

“ते बिचारे. मला नावाने हाकसुद्धा मारत नाहीत, ‘तो चावीवाला’ म्हणतात. पण गोष्ट रंगवून सांगितली. मी त्यांना एक शंका पण विचारली. म्हटलं, आमियाँची वेस दिवसा उघडीच होती, म्हणून पोतं सांडून आत शिरता आलं. तुमची तर रात्रीची बंद होती ना? मग उघडली कशी? उद्या दोन्ही गोष्टी शेजारीशेजारी सांगायच्यात, किल्ली हातात घेऊन, तर लोक विचारतील.”

“मग?”

“मग काही नाही. मला वाटतं त्यांना नीट ऐकू नाही आलं. चहा अर्धा टाकून झोपायला गेले.”

सुचित्राने मान हलवली आणि यतिनचा विचार करू लागली. माणूस घाबरला की समोर जे उभं असतं त्यालाच धरतो.

“उद्या सकाळी आधी यतिन,” ती म्हणाली.

निनादने कप उचलला आणि एक घोट घेऊन खाली ठेवला. “ताई, एक विचारू? तुला तरी खात्री आहे ना?”

तिला खात्री होती. पण उत्तर द्यायला तिला क्षणभर उशीर झाला, आणि तो क्षण त्याने पाहिला.

३

हॉलची किल्ली अध्यक्षाकडे असते. यतिन रविवारी सकाळी हॉल उघडायला आला तो तोंड फुगवूनच.

“माझ्यावर डाउट घेतेस तू, सुचित्रा? मी राजगड मागितला होता, चोरी नव्हती मागितली.”

“मी फक्त विचारतेय. तू कुठे होतास?”

“पहिल्या रांगेत. सगळ्यांसमोर. माझ्या पँटचा फोटो अख्ख्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतोय, हवा तर बघ.” त्याने मोबाईल पुढे केला. फोटोत यतिन नको त्या बाजूने ठळक दिसत होता. मागे किल्ल्याचं टेबल, त्यावर टोकाला पेटी, आणि चौफेर वाकलेल्या पाठीच पाठी. टेबलामागचा भाग यतिनच्या कृपेने झाकला गेला होता. “हे बघ, मला तो निनाद आवडतो. हार्डवर्किंग आहे. पण चावी त्याच्याकडेच होती ना? आता पोलिसात गेलं की मंडळाचं नाव पण जाणार.”

त्याचा फोन वाजला आणि तो बोलत बाहेर गेला. सुचित्रा किल्ल्यापाशी एकटी उरली.

निनादने काम मात्र झकास केलं होतं. कुंडीतल्या मातीचे तट, पुठ्ठ्याचं चर्च, वेशीत अडकलेली काड्यापेट्यांची गाडी. तटाबाहेर त्याने मोहरी पेरली होती. इथे दिवाळी वसंतात येते, त्यामुळे ती तरारून वर आली होती. हॉलची मोठी खिडकी उत्तरेला, आणि या देशात सूर्य उत्तरेकडून जातो. सगळी मोहरी आठवडाभर खिडकीकडे ओढ घेऊन वाढली होती. सगळी एका दिशेला वाकलेली.

कालच्या हॉलसारखीच, सुचित्राच्या मनात आलं. आणि मग तिला तो ठिपका दिसला.

टेबलाच्या मागच्या बाजूला, तटाच्या पायथ्याशी, तळहाताएवढा मोहरीचा एक पुंजका भिंतीकडे तोंड करून वाकला होता. बाकीची मोहरी टवटवीत, हा मलूल. एका खिडकीच्या उजेडात वाढलेलं रोप आपण होऊन उलटं वळत नाही. ते कुणीतरी मातीसकट उचलून परत ठेवलेलं असतं, घाईत, उलटसुलट न बघता.

तिने दोन बोटं मातीत घातली. बोटांना थंड लोखंड लागलं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. काल सगळ्यांनी एकमेकांच्या डिक्क्या तपासल्या आणि किल्ली किल्ल्यातच होती. सुचित्राला हसू आलं, आणि लगेच विरलं. हा किल्ला केला कुणी? निनादने. मोहरी पेरली कुणी? निनादने. किल्ली इथे सापडली असं तिने आता ओरडून सांगितलं, तर भाऊ सुटणार नव्हता. उलट पुरता अडकणार होता.

दाराशी यतिनची पावलं वाजली. सुचित्राने पुंजका मातीत दाबला, जसा होता तसा, उलटाच, आणि हात ओढणीला पुसले.

४

गाडीत बसून तिने स्टिअरिंग घट्ट धरलं आणि ऑफिसात विचार करतात तसा विचार करायचा प्रयत्न केला.

पुंजका टेबलाच्या मागच्या बाजूला होता. पुढून हात पुरायचा तर अख्ख्या तटावर आडवं व्हावं लागलं असतं आणि चर्च कोसळलं असतं. मागे टेबल आणि भिंत यांच्यात एक खुर्ची मावेल एवढीच जागा. तिथे खुर्ची होती, आणि खुर्चीत एक माणूस होता. पेटीसुद्धा त्याच्या हाताच्या अंतरावर.

तिने तो विचार बाजूला सारला. तो परत आला.

तिच्या ऑफिसात नव्या मुलांना पहिल्याच दिवशी शिकवतात. कुलूप शाबूत असेल आणि वस्तू गेली असेल, तर आधी मालकाला विचारा. तिने हे कित्येक मालकांना विचारलं होतं, ऑस्ट्रेलियन, ग्रीक, चिनी, कुणाचीही भीडभाड न ठेवता. काल मात्र साऱ्या हॉलमध्ये एकालाही मालकाला विचारायचं सुचलं नव्हतं, तिला स्वतःलासुद्धा. आजोबांना काय विचारायचं? आजोबांच्या पाया पडायचं असतं.

पण चावी? चावी एकच होती.

तिने मयूराला फोन लावला.

“मयूरा, ती काचेची पेटी कुठून आणलीस?”

“अगं, ऑनलाइन. का?”

“चाव्या किती आल्या?”

“दोन. एक निनादला दिली.”

“दुसरी?”

“बाबांकडे असेल. त्यांची वस्तू ना. त्यांच्या सगळ्या चाव्या जानव्यालाच असतात, औषधाच्या डब्याची पण. आंघोळीला गेले की छुमछुम ऐकू येतं.” मयूरा हसली आणि मध्येच थांबली. “सुचित्रा? का विचारतेयस?”

“अजितला माहितीये का दोन होत्या?”

“तो कधी पार्सल उघडतो का? मी काल बोलणार होते, पण तो इतका चिडला होता, आणि बाबांचं नाव घ्यायचं म्हणजे...” पलीकडे दार लोटून घेतल्याचा आवाज आला. “काल बाबांनी चमचा मागितला. मी सारखी तोच विचार करतेय. चमच्याने चिवडा खाणाऱ्याची ते एरवी टिंगल करतात. घरी आल्यावर बेसिनमध्ये माती होती गं, थोडीशी.”

“अजित कुठेय?”

“पोलीस स्टेशनचा पत्ता शोधतोय. तू ये. मी दार उघडं ठेवते.”

५

चंद्रहासआजोबा मागच्या अंगणात लिंबाच्या झाडाखाली बसले होते. सुचित्राने सवयीने वाकून नमस्कार केला. आशीर्वाद द्यायला त्यांनी हात उचलला आणि तो मध्येच थांबला.

“त्या चावीवाल्याची बहीण ना तू?”

“हो.”

“घाबरलाय का तो?”

“रात्रभर झोपला नाही.”

आजोबा झाडाकडे बघत राहिले. ऐंशीच्या घरातल्या माणसाला चोर म्हणायचं कसं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिने ठरवलं, म्हणायचंच नाही. फक्त विचारायचं.

“आजोबा, तुमच्या गोष्टीत मला एक कळत नाही. वेस रात्री बंद होती. किल्ली किल्लेदाराच्या उशाखाली होती. कुलूप फुटलं असं तुम्ही कधीच सांगत नाही. मग पहारेकऱ्याने दार उघडलं कशाने?”

आजोबांच्या जबड्याची शीर उडाली. “हेच त्यानेही विचारलं होतं.”

“तुम्हाला ऐकू आलं नाही असं वाटलं त्याला.”

“चांगलं ऐकू आलं.” त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. “मुली, ही गोष्ट मी पन्नास वर्षं सांगितली. माझ्या वडिलांनी सांगितली, त्यांच्या वडिलांनी सांगितली. मी एवढा इंजिनिअर माणूस, मला एकदाही हा प्रश्न पडला नाही. आणि शत्रूने जहागीर का दिली, हाही नाही. शत्रू पराक्रमाबद्दल जहागीर देतो होय? कामाबद्दल देतो.”

“कुंपणानेच शेत खाल्लं,” सुचित्राच्या तोंडून निघून गेलं, आणि तिने जीभ चावली.

“म्हण, म्हण. खरंच आहे ते.” त्यांनी सदऱ्यावरून छातीशी हात नेला. आत चाव्या किणकिणल्या. “त्या मुलाने प्रश्न विचारला आणि माझी झोप उडाली. आज तो किल्ली हातात घेऊन भर सभेत तेच विचारणार होता. किल्लीच पुरावा आहे गं. ती नसती तर गोष्ट नुसती गोष्ट राहिली असती. काल अक्रोड सांडले, माझ्याकडे एकाचंही लक्ष नव्हतं. पेटी उघडली, पण खिशात घालायला धीर झाला नाही. समोर माती होती. वाटलं, सगळं निवलं की काढून घेऊ. कुणावर आळ येईल हे डोक्यातच नव्हतं.”

“आला तेव्हा तरी बोलायचं ना.”

हे ती जरा तोडूनच बोलली. तिला ह्या म्हाताऱ्याचा राग आला होता आणि कीवही येत होती.

“अजित ओरडला आणि माझी वाचाच बसली,” आजोबा म्हणाले. “मग जसजसा वेळ जात गेला, तसतसं बोलणं अवघड होत गेलं. त्याचंही तसंच झालं असेल. आमच्या किल्लेदाराचं.”

“चोर सोडून संन्याशाला फाशी. तेव्हा तो पहारेकरी, आता माझा भाऊ. आजोबा, किल्ली कुठे आहे मला माहीत आहे. मी ती हलवलेली नाही. मी काढली तर निनाद चोर ठरतो. ती ज्याने ठेवली त्यानेच काढायला हवी.”

आजोबांनी डोळे मिटले. “तू मला धमकी देतेयस की विनंती करतेयस?”

“मला माहीत नाही,” सुचित्रा म्हणाली, आणि ते खरं होतं.

ती निघाली तेव्हाही ते तसेच बसले होते. ‘हो’ही म्हणाले नाहीत, ‘नाही’ही म्हणाले नाहीत.

६

दुपारी हॉल भरला. एवढ्या फराळाच्या वासातही कुणी धड बोलत नव्हतं. निनाद भिंतीला टेकून उभा होता. गळ्यातली चावी त्याने काढून टेबलावर ठेवली होती, तरी लोक तिच्यापासून अंतर ठेवून चालत होते. सुचित्राचा जीव टांगणीला लागला होता. ती दाराकडे बघायची, मग मोहरीकडे, मग परत दाराकडे. आजोबा नाही आले तर ती काय करणार होती? सकाळी मयूरा फोनवर बोलली ते, चमचा, बेसिनमधली माती, हे सगळं मांडून ती आजोबांना सगळ्यांसमोर उघडं पाडू शकली असती. पण कुणी विश्वास ठेवला नसता. बहीणच ती, असंच म्हणाले असते.

अजितने घड्याळ पाहिलं. “आय वेटेड, निनाद. सॉरी, मेट.” त्याने गाडीची चावी हातात घेतली.

तेवढ्यात दार उघडलं. मयूराने एका हाताने ते धरून ठेवलं होतं, आणि आजोबा काठी टेकत आत येत होते. “बाबा, तुम्ही कशाला आलात?” अजित पुढे धावला. आजोबांनी त्याला काठीनेच बाजूला केलं. त्यांनी दारात चपला काढल्या. टेबलामागच्या खुर्चीपर्यंत जायला त्यांना खूप वेळ लागला.

ते बसले. सदऱ्यात हात घालून त्यांनी जानवं बाहेर ओढलं आणि त्याला अडकवलेल्या चाव्यांतली एक बारीक चावी निवडून टेबलावर, निनादच्या चावीशेजारी ठेवली. दोन्ही सारख्या. मग त्यांनी तो उलटा वळलेला पुंजका उचलला, खालून किल्ली काढली आणि धोतराला पुसली.

“चोर मी,” ते म्हणाले.

“बाबा, तुम्हाला बरं वाटत नाहीये,” अजित म्हणाला.

“आज पहिल्यांदा बरं वाटतंय. बस खाली. सगळे बसा.”

मग त्यांनी गोष्ट सांगितली. तीच, बैलांची आणि पाखऱ्या घोड्याची, पण या वेळी वेस उघडताना ते थांबले आणि किल्ली सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. “ही उशाखाली होती. उशी आमची होती. दार कुणी उघडलं ते तुम्हीच ठरवा. ज्याच्याकडे किल्ली नव्हती त्याचं डोकं उडवलं गेलं, आणि आम्ही जहागिरी खाल्ली. काल मी दुसऱ्यांदा तेच करायला निघालो होतो.” चष्मा पुसायला ते थांबले नाहीत. या वेळी कुणी ‘वा’ म्हटलं नाही.

अजित खाली मान घालून बसला होता. त्याने कानशिलं धरली होती आणि त्याचे कान लाल झाले होते. यतिन छताकडे बघत होता. निनाद मात्र सुचित्राकडे बघत होता, आणि काल संध्याकाळचा तो क्षण त्याने माफ केला आहे हे तिला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. तिने पदराने... पदर नव्हताच, ओढणीने डोळे पुसले.

अजितची मुलगी उर्वी काल मुंडासं बांधून अक्रोड सांडणाऱ्यांत होती. ती किल्ल्याच्या पायथ्याचा मातीचा एक शिपाई उचलून आजोबांजवळ गेली. “Can he be the guard? We never had him in the story.” शिपाई वेशीत उभा करताना तिने विचारलं, “What was his name, Ajoba?”

आजोबांनी त्या शिपायाकडे पाहिलं.

“घोड्याचं नाव माहीत आहे बाळा,” ते म्हणाले. “त्याचं आमच्या घरात कुणालाच माहीत नाही.”

त्यांनी किल्ली त्या शिपायाच्या पायाशी ठेवली. मग मान वर करून भिंतीशी उभ्या असलेल्या निनादला जवळ बोलावलं.

“तुझं पूर्ण नाव सांग रे. वडिलांच्या नावासकट.”

“निनाद माधव देवस्थळी.”

“निनाद माधव देवस्थळी,” आजोबा सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाले, आणि पुन्हा एकदा म्हणाले. “नीट लक्षात ठेवा. याने काहीही केलेलं नाही.”